ब्राझ गोन्साल्विस: सॅक्सोफोनवरचा राग आणि गोव्याचे गाणे

ब्राझ गोन्साल्विस हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भारतातले एक अग्रगण्य जॅझ सॅक्सोफोनवादक. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील नेवरा हे त्यांचे गाव. जन्म १९३०च्या दशकातला, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. कोलकाता आणि मुंबई या शहरांतल्या रेस्टॉरंटांत, हॉटेलांत आणि मैफलींत त्यांची वादनकला घडली. बीबॉप ही जॅझची वेगवान आणि अवघड शैली भारतात आत्मसात करणाऱ्या पहिल्या काही वादकांत त्यांचे नाव घेतले जाते. १९७०च्या सुमारास त्यांनी सॅक्सोफोनवर रागाच्या आधाराने रचना वाजवल्या आणि ‘इंडो-जॅझ’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या प्रवाहाला भारतातल्या भारतात आरंभ करून दिला.

त्यांच्या कारकिर्दीच्या मुळाशी एक अडचणीचा प्रश्न आहे. वाद्य बेल्जियन माणसाचे, संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे, श्रोते महानगरातले. मग नेवऱ्याच्या वादकाने त्यात आपले म्हणून काय आणायचे? ब्राझ यांनी उत्तर रागात शोधले. त्यांच्याहून थोड्या वडील असलेल्या मडगावच्या क्रिस पेरी यांनी ते कोकणी गाण्यात शोधले. दोघांची पार्श्वभूमी एकच, वाटा मात्र वेगळ्या. लोकपरंपरेशी जवळीक कोणत्या वाटेने अधिक साधली याचा निवाडा दोन्ही वाटा शेजारी ठेवल्याशिवाय होत नाही, म्हणून ब्राझ यांच्याविषयीच्या या विवेचनात क्रिस पेरीही येणार आहेत.

सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियममधील दिनां गावच्या अडॉल्फ साक्स या कारागिराने बनवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडसाठी, मोकळ्या मैदानात ऐकू जाईल असे दणकट सुषिर वाद्य त्याला हवे होते. ते पितळेचे असूनही त्याची गणना ट्रम्पेटच्या कुळात होत नाही, ती क्लॅरिनेटच्या कुळात होते. कारण त्याचा आवाज पितळेतून नव्हे, तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून उमटतो. फुंकरीने ही पट्टी थरथरते आणि निमुळत्या नळीतली हवा तो कंप मोठा करते. महाराष्ट्रातील शहापूर, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तिथल्या आदिवासींचा तारपा नेमका याच तत्त्वावर वाजतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्याच्या पोकळीत हवा भरायची, तिच्याखाली बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीत बांबूचीच चिरून काढलेली जीभ, आणि टोकाला पानांचा किंवा बांबूचा कर्णा. जीभ एकेरी, कर्णा निमुळता, आवाज कणखर.

फरक आहे तो श्वासाचा. तारपकरी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांची साखळीही तुटत नाही. त्याने चाल बदलली की पावले बदलतात; रिंगणाचा कारभार त्याच्या फुंकरीवर चालतो. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांनी ही विद्या म्हातारपणापर्यंत जपली. जॅझचा सॅक्सोफोनवादक सहसा याच्या उलट करतो: तो श्वासासाठी थांबतो आणि त्या थांबण्यातून त्याचे वाक्य तयार होते. बोलताना माणूस जसा दम घेतो तसा तो दम घेतो. सॅक्सोफोन माणसाच्या बोलण्यासारखा वाटतो तो यामुळे. भारतीय गायकीतील मींड आणि गमक या वाद्यावर आणताना नेमकी हीच वाक्यरचना आधी मोडावी लागते, हे ब्राझ यांच्या वादनाच्या संदर्भात पुढे येईल.

गोव्यातील संगीतशिक्षणाची घडण समजल्याशिवाय ब्राझ समजत नाहीत. पोर्तुगीज अमलात चर्चच्या जोडीने गावोगावी शाळा निघाल्या. तिथला मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी, सोल्फेजिओ आणि व्हायोलिन शिकवी. मुलांनी रविवारी प्रार्थनेत गावे आणि वाजवावे हा हेतू. गरिबाघरच्या मुलालाही पाच रेघांवरचे संगीत वाचता येऊ लागले आणि हे वाचन त्याच्या पोटापाण्याचे साधन झाले. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे दरबार, सर्कस, मूकपटांची चित्रगृहे, आगबोटी आणि हॉटेले यांना वाचून वाजवणारी माणसे हवी होती. ती गोव्याने पुरवली. मुंबईत धोबीतलाव भागात प्रत्येक गावाची ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांचे सामाईक निवासस्थान, असे. नव्याने आलेला वादक आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवी आणि काम शोधायला बाहेर पडे.

या शाळेबाहेर दुसरे एक संगीत होते. ख्रिस्ती भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार वाढला: संथ, सहा मात्रांच्या झोक्यावर चालणारा, विरहाच्या भावनेने भरलेला. त्याच्या पाठोपाठ दुलपद येते, ते भराभर आणि थट्टेखोर. देखणी या नृत्यगीतात हिंदू नर्तकीची व्यक्तिरेखा असते. पलीकडच्या तीरावरच्या लग्नाला जाण्यासाठी नावाड्याला विनवणाऱ्या नर्तकीची कार्लुस एउजेनियु फेरेरा यांची देखणी ‘बॉबी’ (१९७३) या हिंदी चित्रपटामुळे देशभर पोचली. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे मडके. एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत, वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर बकऱ्याचे कातडे वापरू लागले. हेच घुमट गणपतीच्या आरतीत आणि शिगम्यात वाजते. मांडो ख्रिस्ती घरातला आणि आरती हिंदू घरातली, पण मडके तेच.

तिसरी परंपरा याच इवल्याशा प्रदेशात होती आणि ती ब्राझ यांच्या गावापासून काही कोसांवर होती. फोंडा महालातील देवळांच्या परिसरात कलावंतांची गायकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ही सारी गोव्याचीच माणसे. नदीच्या एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला स्वरलिपी. पण जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) ख्रिस्ती मुलाचा रागाशी संबंध येत नसे, आणि नव्या काबिजादीतल्या (नंतर जिंकलेल्या भागातल्या) देवळापाशी वाढलेल्या मुलाला चर्चचे संगीत परके. म्हणून गोव्याच्या ख्रिस्ती वादकाने राग वाजवला तर तो घरी परतला असे म्हणणे बरोबर नाही. तो शेजाऱ्याच्या घरी गेला, आणि तेही बऱ्याच उशिरा, मोठ्या शहरातून वळसा घेऊन.

मुंबईत जॅझ रुजला तो १९३०च्या दशकात. कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला वाद्यवृंद घेऊन १९३५ साली ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड इथेच राहिला आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीने वारला. या वादकांनी स्थानिक मुलांना आपल्या वृंदांत घेतले. कागदावर लिहिता न येणारा जॅझचा झोका त्यांच्याकडून शिकता आला. मोंबासात जन्मलेले आणि कराचीत वाढलेले गोवेकर सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये बँड चालवला. कवास खटाव हे पारशी गृहस्थ ‘रुडी कॉटन’ या नावाने टेनर सॅक्सोफोन वाजवत. हळदोण्याचे आंतोनियु शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले आणि अमेरिकन वादक लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवू लागले. नावे बदलण्याची ही हौस पोटाचीही होती. जाहिरातीच्या फलकावर वाझपेक्षा चॉकलेट अधिक खपे.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने या धंद्याला धक्का दिला. रात्रीची गिऱ्हाइके घटली, तेव्हा वादकांना चित्रपटांनी सावरले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरले. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) चिक आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील प्रसिद्ध निरर्थक शब्दांच्या गाण्यात कोकणी बोलीचे दोन शब्द शिरले ते रामचंद्र यांच्या जॉन गोम्स या गोवेकर सहायकामुळे, असे सांगतात. रेईश मागूशचे सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे संयोजक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तले अँथनी गोन्साल्विस या नावाचे गाणे शिष्याने गुरूच्या नावाला केलेला नमस्कार आहे, हे त्या गाण्यावर नाचणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपटसंगीतातील त्यांचा वाटा मोठा असूनही श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली.

जॅझला भारतीय करावे ही कल्पनाही याच मंडळींतून निघाली. कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांना १९४६ साली मसुरीत गांधीजींना भेटल्यावर वाटू लागले की आपण जे वाजवतो त्यात आपला देश असायला हवा. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत शंभरांहून अधिक वादकांचा वृंद उभारून रागांवर आधारित सिंफनीसदृश रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. फर्नांड पुढे कोकणी चित्रपटांकडे वळले आणि ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे चित्रपट त्यांनी काढले. हे प्रयोग महत्त्वाचे होते, पण त्यांत सारे काही आधी लिहिलेले असे. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे आणि रागाचाही. दोघांची खरी गाठ त्या ठिकाणी पडायला हवी होती. ती घालायला लिहिणारा संयोजक पुरेसा नव्हता. ऐन वादनात विचार करणारा एकल वादक हवा होता.

ब्राझ या अर्थाने योग्य वेळी आले. त्यांच्या पिढीने जॅझ शिकला तो तबकड्यांवरून आणि रेडिओवरून. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि लघुलहरींवर जगभर ऐकू येऊ लागला. बीबॉपचा प्रणेता चार्ली पार्कर याच्या ऑल्टो सॅक्सोफोनची भराभर धावणारी वाक्ये कानांनी उतरवून घ्यायची, बोटांत बसवायची, मग त्यांतून सुटून आपले वाजवायचे, हा बीबॉपचा अभ्यासक्रम. नृत्यासाठी वाजवणाऱ्या जुन्या वृंदांपेक्षा ही शैली निराळी होती. ती ऐकण्यासाठी होती. मुंबईतल्या हॉटेलचालकांना तिचे फारसे कौतुक नव्हते, कारण तिच्यावर जोडप्यांना नाचता येत नाही. बीबॉप वाजवणारा भारतीय वादक म्हणून पोटासाठी एक आणि मनासाठी दुसरे असे दुहेरी जीवन जगे, आणि ब्राझही त्याला अपवाद नव्हते.

दरम्यान जॅझमध्येच असा बदल झाला की रागाला दार उघडले. बीबॉपमध्ये दर काही मात्रांनी स्वरसंघ बदलतात. वादकाला त्या बदलत्या पायऱ्यांवरून उड्या मारत जावे लागते. राग याला मूळचाच विरोधी, कारण त्याला एका षड्जाचा अखंड आधार लागतो. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या तबकडीत स्वरसंघांची ही धावपळ थांबली आणि वादक एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ विस्तार करू लागले. त्या तबकडीवर वाजवणारा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन पुढे भारतीय संगीताकडे ओढला गेला. त्याने नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘इंडिया’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव सतारवादक रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले. लंडनमध्ये जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात वाढलेले संगीतकार जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ सूट’ १९६६ साली आली. म्हणजे भारतीय रागाचा जॅझशी संयोग आधी परदेशात झाला आणि त्याची बातमी मग मुंबई-कोलकात्याला पोचली. हा उलटा प्रवास आपल्याकडे अनेक बाबतींत घडतो.

‘ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ या सात जणांच्या वृंदाची ‘राग रॉक’ ही तबकडी एचएमव्हीने १९७०च्या सुमारास काढली. नावात रॉक आहे, कारण तो काळच तसा होता. सतारीची फॅशन आली होती आणि कोणत्याही वाद्यवृंदात ती ठेवली की संगीत ‘पौर्वात्य’ होते असा समज होता. ब्राझ यांचे काम या फॅशनपेक्षा खोल गेले, कारण त्यांनी रागाचा रंग वाद्यवृंदाच्या कडेला न ठेवता आपल्या फुंकीत घेण्याचा प्रयत्न केला.

हे करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे. बासरीवर किंवा सनईवर वादकाचे बोट थेट छिद्रावर असते. छिद्र अर्धे उघडले, सावकाश सरकवले की मींड मिळते. सॅक्सोफोनवर बोट चावीवर असते आणि छिद्र झाकते ती चावीला जोडलेली गादी. ती उघडी तरी असते किंवा बंद तरी. शिवाय चाव्या युरोपीय समसप्तकानुसार बसवलेल्या. रागातला अतिकोमल रिषभ किंवा चढा गंधार तिथे आयता मिळत नाही. तो ओठाने काढावा लागतो. ओठाचा दाब सैल केला की सूर उतरतो, आवळला की चढतो. घशाची पोकळी बदलूनही सूर वळवता येतो. जॅझवादक ब्लूज वाजवताना हे थोडेफार करतातच, कारण ब्लूजचा गंधारही कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो. रागासाठी मात्र हे वळण सूत्रबद्ध हवे, मनाला येईल तेव्हा नव्हे. मघाशी उल्लेखिलेला श्वासही येथे आडवा येतो: जॅझचे तुटक, धापा टाकणारे वाक्य आलापीला चालत नाही.

सत्तरच्या दशकात ब्राझ कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ या रेस्टॉरंटात वाजवत. तिथे दार्जिलिंगचे पियानोवादक लुई बँक्स यांचा ‘ब्रदरहुड’ हा वृंद होता आणि गायिका पॅम क्रेन होत्या. बँक्स हे नेपाळी भाषक घराण्यातले. मूळ नाव डंबर बहादुर बुढाप्रीती. वडील ट्रम्पेटवादक आणि लुई आर्मस्ट्राँगचे चाहते, म्हणून मुलाचे नाव लुई झाले. दार्जिलिंगचा पियानो, नेवऱ्याचा सॅक्सोफोन आणि अँग्लो-इंडियन गायिका असा हा संच जेवणाऱ्या लोकांसमोर रात्री-अपरात्री अमेरिकन संगीत वाजवीत असे. एकत्र वाजवण्याची ती रोजची सवय पुढच्या प्रयोगांचा पाया ठरली. दशकाच्या उत्तरार्धात पार्क स्ट्रीटची रया गेली, वादक पांगले आणि बँक्स मुंबईला आले.

मुंबईत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ इंडिया’ या संस्थेने फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. जागा होती धोबीतलावचे रंगभवन, म्हणजे गोवेकरांच्या कुडींपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे खुले नाट्यगृह. सॉनी रॉलिन्स हा जगविख्यात टेनर सॅक्सोफोनवादक त्या यात्रेत वाजला. रॉलिन्सला मुंबई नवी नव्हती; साठच्या दशकाच्या अखेरीस तो वादन थांबवून पवईच्या आश्रमात राहून गेला होता. साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या उत्सवाने भारतीय वादकांना दोन गोष्टी दिल्या: रेस्टॉरंटाबाहेरचा, केवळ ऐकायला आलेला श्रोता आणि जगातल्या वादकांशी समोरासमोर भेट.

झवेरी यांना भारताने आपली अशी एक जॅझ भाषा जगापुढे ठेवावी असे वाटे. त्यातून जो संच घडला त्यात लुई बँक्स, ब्राझ आणि बंगळूरच्या कर्नाटक संगीतातील गायिका आर. ए. रामामणी होत्या. ‘संगम’ या नावाने या प्रयोगाने युरोपचा दौराही केला. ब्राझ यांच्या कारकिर्दीचा कळस तो हाच. रामामणी सरगम आणि कोन्नक्कोलचे बोल घेत, सॅक्सोफोन त्यांना उत्तर देई. आता सात मात्रांचे किंवा दहा मात्रांचे आवर्तन पार करून समेवर यायचे होते. नाचाच्या चौमात्री लयीत वाढलेल्या वादकाला हे नवे व्याकरण प्रौढ वयात शिकावे लागले. ब्राझ यांनी सोप्रानो सॅक्सोफोन अशा जागी अधिक वापरला. त्याची सरळ नळी आणि सनईच्या जवळचा आवाज दक्षिणी गायकीशी जुळतो. याच रामामणी आणि त्यांचे पती, मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांच्याबरोबर अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांनीही काम केले. मारियानो तर नागस्वरम्‌ही शिकले होते.

जॅझ यात्रेतच १९८० साली मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ श्रोत्यांपुढे आले. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना आपल्याबरोबर वाजवण्यास बोलावले. गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम्‌वादक. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन पाहून मुलाने ते वाद्य घेतले, त्यात फेरफार करून घेतले आणि त्यावर निव्वळ कर्नाटक संगीत वाजवले. ब्राझ आणि गोपालनाथ यांची तुलना बोधक आहे. गोपालनाथ यांना राग वारशाने मिळाला आणि परके होते ते फक्त वाद्य. म्हणून त्यांचा सॅक्सोफोन ऐकताना हे पाश्चात्त्य वाद्य आहे याचा विसर पडतो. ब्राझ यांच्या हातातले वाद्य घरचे, जॅझ अंगवळणी पडलेला, राग मात्र कमावलेला. त्यांच्या वादनात दोन्हींमधला ताण ऐकू येतो. काही टीकाकार त्याला उणीव मानतात. प्रस्तुत लेखकाच्या मते जॅझ म्हणून पाहिले तर त्या ताणातच त्या संगीताची धग आहे. परिपूर्ण रागदारी ऐकायची असेल तर तिच्यासाठी दुसरे थोर वादक आहेतच.

युरोपच्या उत्तरेकडे त्याच काळात हाच प्रश्न सॅक्सोफोनवादकांपुढे होता, पण तिथे त्याचे उत्तर निराळे निघाले. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे १९६७ साली, सोव्हिएत राजवटीत, जॅझ महोत्सव झाला आणि चार्ल्स लॉइड या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा संच तिथे वाजला. नंतरच्या पिढीतले एस्टोनियन सॅक्सोफोनवादक विल्लू वेस्की अॅकॉर्डियनवादक टीट काल्लुस्ते यांच्या जोडीने बाल्टिक आणि उत्तरेकडच्या बेटांवरच्या लोकधुनांकडे वळले. नॉर्वेचे यान गार्बारेक आपल्या देशातील लोकगीतांकडे आणि सामी या आदिवासी लोकांच्या गायनाकडे गेले. पुढे त्यांनी पाकिस्तानी गायक फतेह अली खान यांच्याबरोबर ‘रागाज अँड सागाज’ (१९९२) ही तबकडीही केली. या वादकांनी अभिजात परंपरा उसनी घेण्याआधी आजीच्या तोंडचे गाणे घेतले. लहान भाषेच्या माणसाला तेच हाताशी होते. गोव्यात आजीच्या तोंडचे गाणे मांडो आणि दुलपद हे होते, आणि ते इंडो-जॅझमध्ये जवळजवळ आलेच नाही.

ते आले क्रिस पेरी यांच्याकडून. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेले क्रिस ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत, गाणी रचत, चाली देत आणि वृंद बांधत. त्यांना राष्ट्रीय जॅझ घडवण्याचे वगैरे काही वाटत नव्हते. मुंबईतील गोवेकर गिरणीकामगार, खलाशी, आया आणि स्वयंपाकी यांना त्यांच्या भाषेतली नाचती गाणी हवी होती. त्यांच्यासाठी तियात्र हे नाटक १८९२ सालापासून मुंबईत होत आले होते आणि त्यात कथानकाशी संबंध नसलेली ‘कांतारां’ गाण्याची प्रथा होती. क्रिस यांनी कांताराची थट्टा, दुलपदाची चपळाई, चा-चा-चाची लय आणि स्विंगच्या वृंदाची पितळी फेक एकत्र केली. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ या नाइटक्लबमध्ये त्यांचा वृंद वाजे, तेव्हा गायिका होत्या धोबीतलाव परिसरात वाढलेल्या लॉर्ना कोर्देरो. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचुंया कुंपासार’ ही साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची गाणी कोकणी घरांत अजून वाजतात.

‘बेबदो’ हे दारुड्यावरचे गाणे घ्या. विषय दुलपदातला, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चेष्टेचा, स्वरसंघ अमेरिकन, लॉर्ना यांच्या आवाजातला खरखरीत ठसका निशागृहातला. यात कुठेही ‘संगम’ केल्याची जाणीव नाही. कोकणी शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घांनी चालीला वळण दिले आणि सॅक्सोफोनला त्या वळणामागून जावे लागले. लोकसंगीत जॅझमध्ये शिरण्याची ही वाट रागापेक्षा कमी प्रतिष्ठेची होती, पण अधिक खोलवर गेली. रंगभवनातल्या जाणकाराने ‘संगम’ ऐकून मान डोलावली. क्रिस पेरींचे गाणे म्हापशाच्या बाजारात भाजीवालीने गुणगुणले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी क्रिस आणि लॉर्ना यांची फारकत झाली. लॉर्ना दीर्घकाळ गप्प राहिल्या आणि १९९५ साली संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या गाण्यांनी परतल्या. क्रिस यांनी ‘भुंयारांतलो मनीस’ (१९७७) हा रंगीत कोकणी चित्रपट केला, पुढे दुबईत संगीत शिकवले आणि २००२ साली त्यांचे निधन झाले. बार्द्रॉय बार्रेतो यांनी त्यांच्या गाण्यांभोवती गुंफलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट २०१४च्या राष्ट्रीय पुरस्कारांपर्यंत पोचला.

ऐंशीच्या दशकात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात सिंथेसायझर आला आणि साठ-सत्तर वादकांच्या वृंदाची गरज संपली. हॉटेलांत डिस्को आणि तबकड्या वाजवणारे आले. सॅक्सोफोनवादकाला कधी लग्नाचा बँड उरला, कधी जाहिरातींच्या चाली. रंगभवनावर पुढे इस्पितळांच्या शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि तिथल्या मैफली बंद पडल्या. जॅझ यात्राही या शतकाच्या आरंभी थांबली.

ब्राझ गोव्यात परतले. चिक चॉकलेट यांची कन्या, गायिका इव्हॉन, या त्यांच्या पत्नी. उतारवयात ती दोघे गोव्यातील मैफलींत एकत्र सादरीकरण करीत. त्यांच्या एवढ्या दीर्घ कारकिर्दीचे ध्वनिमुद्रण फार थोडे आहे. एचएमव्हीला जॅझ विकण्याची आशा नव्हती, त्यामुळे भारतीय जॅझ मुख्यतः रोज रात्री वाजला आणि रोज रात्री विरला. ‘राग रॉक’सारख्या मोजक्या तबकड्या, काही महोत्सवांची ध्वनिमुद्रणे, वादकांच्या आठवणी आणि छायाचित्रे एवढ्यावर आजचा अभ्यास उभा आहे. मुंबईच्या जॅझचा इतिहास जुळवण्याचे मोठे काम पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात केले. क्रिस पेरींची गाणी मात्र तबकड्यांवर, मग कॅसेटींवर आणि आता मोबाइलवर उपलब्ध राहिली, कारण त्यांना विकत घेणारा कोकणी श्रोता होता. गोव्याच्या लोकसंगीताची दखलही घेतली जात आहे: घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मांडोच्या स्पर्धा दरवर्षी भरतात. गावोगावच्या चर्चशाळांतील मेस्तांची जागा आता पणजीच्या कला अकादमीतील पाश्चात्त्य संगीत विभागाने आणि खाजगी शिकवण्यांनी घेतली आहे.